साडूंची लाँड्री

लाँड्रीतले कामगार आपल्या दोन मालकांना पाठीमागे गरमशेठ आणि नरमशेठ म्हणत, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. गरमशेठ यंत्रं आणि माणसं सांभाळायचे, नरमशेठ हिशेब आणि गिऱ्हाइकं. नात्याने ते एकमेकांचे साडू. थोरली बहीण गरमशेठांच्या घरात, तिला सगळेच ताई म्हणत. नरमशेठांची बायको धाकटी, आणि पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच राहिली होती. दोघांची घरं शेजारीशेजारी. मधल्या कुंपणाला एक लाकडी दार होतं, ते आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी धक्क्याने बिजागरीतून निघायचं आणि गरमशेठ शिव्या घालत ते परत बसवायचे.

गरमशेठ पूर्वी बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते, नरमशेठ विमा कचेरीत कारकून. एकाच्या हाताखाली माणसं टिकत नव्हती आणि दुसऱ्याला कचेरीत कुणी विचारत नव्हतं. तेव्हा दोघांनी नोकऱ्या सोडल्या, एक रिकामं गोदाम घेतलं आणि त्यात दोन जुनी धुलाई यंत्रं मांडली. बायकांनी डोक्याला हात लावला. पण धंदा चालला. आता तिथे तीसेक माणसं कामाला होती. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे ट्रॉल्या भरभरून यायचे आणि घडी होऊन परत जायचे. मध्ये कधीतरी कुणाच्या सल्ल्याने त्यांनी धंद्याची कंपनी केली आणि दोघे संचालक झाले. संचालक होऊन काय बदललं असं कुणी विचारलं, तर गरमशेठ म्हणत, "पाटी जरा लांब झाली."

गरमशेठांचा आवाज ड्रायरच्या घरघरीवरून सहज पलीकडे जायचा. त्यामुळे कुणाला रजा हवी असो, कुणाच्या पायाखाली पाणी साचत असो, कुणाचे हातमोजे फाटलेले असोत, माणूस नरमशेठांकडे जायचा. नरमशेठ म्हणत, "बघतो." मग दुपारच्या चहाला दोघे साडू वरच्या खोलीत समोरासमोर बसले, की नरमशेठ इकडचं तिकडचं बोलता बोलता मधेच ती गोष्ट सरकवत. गरमशेठ अर्धा कप संपेपर्यंत "जमणार नाही" म्हणत आणि उरलेला अर्धा संपला की खाली जाऊन ते काम करून टाकत. लाँड्री अशीच चालत होती, आणि यात काही चूक आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

रोलरवर एक काकू होत्या. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं यंत्र. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, पलंगाहून रुंद, तापलेला, फिरता. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून त्याच्या तोंडाशी लावायची, की तो ती ओढून घेतो आणि पलीकडून कोरडी, कडक करून सोडतो. त्याच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. चादरीबरोबर हात जास्त पुढे गेलाच, तर तो आधी दांडीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. काकू बरीच वर्षं हे काम करत होत्या. जिभेला हाड नव्हतं. गरमशेठ आणि नरमशेठ ही नावंही त्यांनीच ठेवलेली. त्यांच्यासमोर उभं राहिलं की गरमशेठांचा आवाजही जरा खाली यायचा.

त्या वर्षी शहरात कसल्याशा मोठ्या स्पर्धा भरल्या आणि हॉटेलं तुडुंब झाली. चादरींचे डोंगर यायला लागले. नेमकी त्याच वेळी रोलरची दांडी हळवी झाली. चादरीची जाड शिवण लागली तरी रोलर थांबायचा, मग तो पुन्हा नीट तापून चालू होईपर्यंत माणसं हात बांधून उभी. गरमशेठांनी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक म्हणाला, सुटा भाग मागवावा लागेल. गरमशेठ म्हणाले, "मागव. तोवर ती दांडी तारेने मागे बांधून टाक. स्पर्धा संपल्या की सोड." मेकॅनिकने बांधली.

आता याच सुमारास घरात एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. बायकांच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, दुसऱ्या गावी. चौघं एका गाडीतून निघाले. गाडी गरमशेठ चालवत होते. एका चौकात नरमशेठ म्हणाले, "डावीकडे." गरमशेठ उजवीकडे वळले. वाटेत कुणाला विचारणं हे गरमशेठांच्या रक्तातच नव्हतं. ते हॉलवर पोचले तेव्हा खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावणं चाललं होतं आणि नवरानवरी केव्हाच निघून गेली होती. परत येताना नरमशेठ एवढंच म्हणाले, "मी डावीकडे म्हटलं होतं." त्यावर गरमशेठ म्हणाले, "आकड्यांपलीकडे तुम्हाला काय कळतं हो? विमा कचेरीतही कळत नव्हतं म्हणून तर इकडे आलात." मागच्या सीटवर नवे कपडे घालून बसलेल्या दोघी बहिणी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दिवसापासून साडूंचा अबोला. आयुष्यात पहिल्यांदा. नरमशेठ आपला कप घेऊन आपल्या केबिनमध्ये बसायला लागले. गरमशेठ चहा उभ्याउभ्याच पिऊन टाकायचे.

आणि अबोल्याच्या त्या दिवसांत काकूंनी बॉयलरखोलीच्या दाराशी नरमशेठांना गाठलं. "छोटे साहेब, दांडी बांधून ठेवलीय. सोडायला सांगा मोठ्या साहेबांना. मला तिथे उभं राहावंसं वाटत नाही." नरमशेठ म्हणाले, "बघतो." त्यांना ते अगदी मनापासून सांगायचंही होतं. पण दुपारी चहाचा कप हातात आला की वाटायचं, तो आधी बोलू दे. एक शब्द बोलू दे, मग सांगतो. काकूंनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "बघतो, काकू."

आणि मग एका सकाळी उसवलेल्या शिवणीची एक चादर आली. काकूंची बोटं त्या शिवणीच्या फासात अडकली आणि रोलरने चादरीबरोबर तीही ओढून घेतली. समोरच्या मुलीने लाल बटण दाबलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

गरमशेठांनी स्वतः काकूंचा हात ओल्या टॉवेलांत गुंडाळला, त्यांना उचलून गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. ज्या इस्पितळाच्या चादरी त्यांच्याकडे यायच्या, तेच ते. नरमशेठ धावतपळत पोचले तेव्हा गरमशेठ बाकावर बसले होते. सदऱ्यावर रक्त सुकलं होतं.

"कसं आहे?" नरमशेठांनी विचारलं.

"दोन बोटं गेली. तळवा भाजलाय. हात वाचेल म्हणतात."

अबोला असा सुटला. तो सुटला हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामगार सुरक्षा खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. अंगाने सडपातळ, बोलायला सौम्य. त्या रोलरपुढे उकिडव्या बसल्या, त्यांनी ती तार बोटाने हलवून पाहिली आणि विचारलं, "ही कुणी बांधली?" मेकॅनिक आपल्या बुटांकडे बघायला लागला. गरमशेठ म्हणाले, "याला बघू नका. मी बांधायला लावली."

काही महिन्यांनी कागद आले. खटला कंपनीवर होता, आणि त्याखाली दोघा संचालकांवर, नावानिशी. फौजदारी. गरमशेठांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी चौघं बसले आणि त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी समजावून सांगितलं. "पूर्वी कंपनीला दंड व्हायचा, कंपनी तो भरायची आणि सगळे घरी जायचे. कंपनीला काही कोठडीत बसवता येत नाही. म्हणून कायदा आता विचारतो, कंपनी म्हणजे कोण? हुकूम कुणाचा, संमती कुणाची, डोळेझाक कुणाची? तो संचालक असेल तर तो स्वतः आरोपी. शिक्षा त्याला."

"तुरुंग?" ताईंनी विचारलं.

"होऊ शकतो."

धाकटीने टेबलाखाली ताईचा हात धरला. वकील पुढे म्हणाले की मी दोघांचा वकील राहू शकत नाही. एकाच्या सुटकेचा रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जात असेल तर दोघांना वेगळे वकील हवेत. आणि आजपासून दोघांनी या विषयावर आपसांत बोलायचं नाही. शक्यतो कुठल्याच विषयावर नको.

कुंपणाचं दार बंद झालं. मागचा अबोला रागाचा होता, हा वकिलांचा. गरमशेठ सकाळी अंगणात दात घासत उभे राहायचे आणि पलीकडे नरमशेठ झाडांना पाणी घालायचे. एकमेकांकडे बघून दोघे मान हलवायचे. एकदा गरमशेठांनी कुंपणावरून लांब दांड्याची कात्री पुढे केली, कारण साडूंची कात्री बोथट आहे हे त्यांना ठाऊक होतं. नरमशेठांनी ती घेतली. आभार मानले तर तेही बोलणं होईल की काय, या भीतीने ते नुसते हसले.

नरमशेठांच्या वकील बाई तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी काकूंचा जबाब टेबलावर ठेवला. त्यात एक वाक्य होतं, की दांडी बांधलेली आहे हे मी छोट्या साहेबांना दोन वेळा सांगितलं होतं.

"साक्षीदार कुणी नाही," बाई म्हणाल्या. "जबाब दिला तेव्हा काकू इस्पितळात होत्या, औषधांच्या गुंगीत होत्या. तुम्ही हिशेब बघता, यंत्रांशी तुमचा संबंध नाही. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणायचं. तुम्ही सुटाल."

"आणि ठाऊक असेल तर?"

बाईंनी पेनचं टोपण लावलं. "तसं असेल तर आज घरी जा, विचार करा आणि मग मला सांगा. तुमच्या तोंडून खोटं मी वदवणार नाही. पण तुम्ही काय बोललात, त्यावर सगळं आहे."

तेच वाक्य गरमशेठांच्या वकिलांनीही वाचून दाखवलं. त्यांना त्यात संधी दिसत होती. धोक्याची खबर तुमच्या साडूंकडे आली होती, त्यांनी ती दाबून ठेवली, तुमच्यापर्यंत आलीच नाही. गरमशेठ ऐकून हसले. "काकू चुकतायत. आमच्या साडूच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांना कळलं असतं तर त्याच दुपारी मला कळलं असतं." वकिलांनी पुन्हा सांगून पाहिलं. गरमशेठ म्हणाले, "साडूंच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही. उलट काकूंनाच विचारा, नीट आठवून सांगा म्हणावं."

ही बातमी ताईंकडून धाकटीला आणि धाकटीकडून नरमशेठांना कळली. बायकांवर कुठल्या वकिलांनी बंदी घातली नव्हती. नरमशेठ जेवता जेवता थांबले.

"मला सांगितलं होतं काकूंनी," ते बायकोला म्हणाले.

धाकटीने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "गप्प बसा. ताईला मी सांभाळून घेईन." पण त्यानंतर तिला ताईच्या डोळ्याला डोळा देववेना. ताई काही आणून द्यायला आली की ही मोरीत पाणी सोडून भांडी घासत राहायची. घासलेलीच भांडी पुन्हा.

कोर्टाची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा नरमशेठांनी संध्याकाळी कुंपणाचं दार ढकललं. गरमशेठ अंगणात उकिडवे बसून नळाची गळती काढत होते.

"इकडे यायचं नाही म्हणून सांगितलंय ना," ते मान वर न करता म्हणाले.

"सांगितलंय."

"मग?"

"काकू खरं बोलतायत, साडू."

हातातला पाना थांबला. नरमशेठांनी सगळं सांगितलं. बॉयलरखोलीचं दार, दोनदा म्हटलेलं "बघतो", केबिनमधला एकट्याचा चहा. गरमशेठ ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येतो की काय याची नरमशेठ वाट बघत होते. राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

"त्या लग्नापायी?" गरमशेठांनी शेवटी विचारलं.

"त्या लग्नापायी. तुम्ही आधी बोलावं म्हणून मी थांबलो होतो."

"मी पण त्यासाठीच थांबलो होतो."

नळ तसाच गळत होता. मग गरमशेठ उठले, हात पुसले आणि कामाचं बोलावं तसं बोलले. "हे तुमच्या पोटातच ठेवा. तार मी बांधायला लावली, ती सुटणारी नाही. मी आत जाणार हे मी धरून चाललोय. दोघं आत गेलो म्हणून काकूंची बोटं उगवणार आहेत का? बाहेर एक तरी राहू दे. लाँड्री कोण बघेल? या दोघींकडे कोण बघेल?"

"आणि काकूंना खोटं पाडायचं?"

"कोण पाडतंय? आठवत नाही म्हणा."

"आठवतंय मला," नरमशेठ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. असा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "त्या बाईचा आपण हात घेतला. आता भर कोर्टात शब्दही काढून घ्यायचा? आयुष्यभर तुम्ही ठरवत आलात, कुठे वळायचं, केव्हा थांबायचं. हे मी ठरवणार. तुम्ही मधे पडायचं नाही."

"अहो, हळू," गरमशेठ म्हणाले. जन्मात कधी त्यांनी कुणाला हळू बोलायला सांगितलं नव्हतं.

"दोघंही हळू बोला," ताई खिडकीतून म्हणाल्या. "शेजारी ऐकतायत."

"शेजारी आम्हीच आहोत, ताई," पलीकडच्या खिडकीतून धाकटीचा आवाज आला.

ताई पायऱ्या उतरून खाली आल्या, नवऱ्याला आणि मेव्हण्याला ओलांडून कुंपणाच्या दाराशी गेल्या. धाकटी पलीकडून तिथे आली होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"माझा नवरा आहे तो, ताई."

ताईंनी दाराच्या फळीवरचं शेवाळ नखाने खरवडलं. "हं," त्या म्हणाल्या. "मीही नसतं सांगितलं." मग म्हणाल्या, "जेवायला इकडेच या सगळे. वकिलांना काय कळतंय."

कोर्टाच्या दिवशी काकू आल्या होत्या. उजवा हात ओढणीखाली झाकलेला. साक्ष द्यायची म्हणून त्या मागच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. कारकुनाने आरोप वाचले आणि गरमशेठांना विचारलं, आरोप मान्य आहे का? ते म्हणाले, "मान्य." मग नरमशेठांना विचारलं. त्यांच्या वकील बाई खाली बघत होत्या, पण त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगून झालं होतं.

"मान्य आहे," नरमशेठ म्हणाले. "काकूंनी जबाबात लिहिलंय तसंच झालं. मला दोनदा सांगितलं होतं. मी ते पुढे सांगितलं नाही. कारण सांगण्यासारखं नाही."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं. त्या आवाज न चढवता बोलल्या. एकाने सुरक्षेची दांडी बांधायला लावली आणि दुसऱ्याला ती बांधलेली आहे हे कळलं, तरी तो गप्प बसला. कंपनीत तुम्ही दोघं आहात याचा अर्थ जबाबदारी अर्धी अर्धी होते असा नाही, ती दोघांवर पूर्ण असते. गरमशेठांना पाच महिन्यांची कैद झाली. नरमशेठांची शिक्षा स्थगित ठेवली, त्याऐवजी वर्षभर सार्वजनिक काम करायचं ठरलं. काकूंना भरपाई. आणि पुढची काही वर्षं दोघांनीही कुठल्याच कंपनीत संचालक व्हायचं नाही की कारभारात हात घालायचा नाही.

निकाल ऐकून नरमशेठांचा चेहरा पडला. "मलाही आत टाकायला हवं होतं," ते साडूंच्या कानात म्हणाले. गरमशेठ म्हणाले, "आतही तुम्हीच माझ्या मागे? जरा मोकळा श्वास घेऊ द्या." पोलीस त्यांना घेऊन जात असताना त्यांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर हटवली नाही आणि मानही हलवली नाही.

भेटीच्या प्रत्येक दिवशी नरमशेठ जायचे, ताईंबरोबर. गरमशेठ बारीक झाले होते. "इथे मला कुणी गरमशेठ म्हणत नाही," ते सांगायचे. "घोरतो म्हणून इंजिन म्हणतात." मग ताईंना थोडा वेळ बोलू द्यावं म्हणून नरमशेठ उठून भिंतीवरच्या सूचना वाचत उभे राहायचे. सगळ्या पाठ झाल्या. एकदा ताई परत येताना बसमध्ये रडल्या. नरमशेठांनी रुमाल दिला, तो मळका होता, म्हणून परत घेतला आणि दुसरा शोधायला लागले. तेव्हा ताई रडता रडता हसल्या. "लाँड्रीवाले ना तुम्ही," त्या म्हणाल्या.

लाँड्री बंद करायची नाही हे बहिणींनी ठरवलं. संचालक म्हणून त्यांची नावं घालायची वेळ आली तेव्हा धाकटीने वकिलांना विचारलं, "म्हणजे उद्या काही झालं तर आम्ही?"

"तुम्हीच."

"आम्हाला ठाऊक नव्हतं म्हटलं तर?"

"ठाऊक करून घेणं हेच तुमचं काम आहे."

दोघींनी त्या दिवशी सही केली नाही. त्या आधी लाँड्रीत गेल्या आणि आठवडाभर प्रत्येक यंत्रापाशी उभ्या राहिल्या. मेकॅनिक पुढे, या दोघी मागे. हे कशाने थांबतं, हे उघडलं तर काय होतं, इथे कुणाचा हात जाऊ शकतो. धाकटीला बॉयलरची भीती वाटायची, म्हणून तिने बॉयलर आपल्याकडे घेतला. ताईंनी मेकॅनिकला एकदाच सांगितलं, "मी सांगितलं तरी काही बांधायचं नाही. मी ओरडले तरी नाही." मग सह्या झाल्या.

काकूंना त्यांनी परत बोलावलं. काकू म्हणाल्या, त्या वासात मला परत पाऊल टाकायचं नाही. त्यांनी जवळच्या तरणतलावावर तिकिटं द्यायचं काम धरलं. डाव्या हाताने.

गरमशेठ सुटले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी दोघे साडू काकूंच्या घरी गेले. जाताना काय बोलायचं याची गरमशेठांनी वाटभर तयारी केली होती. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या आत. पण रडारड करायची नाही, मला कामावर जायचंय."

ते बसले. पाठ केलेलं सगळं गरमशेठ विसरले. "काकू," ते म्हणाले आणि पुढे काही आलंच नाही.

काकूंनी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता. "लोक मला विचारतात, ते आत गेले म्हणून तुला बरं वाटलं का? नाही वाटलं. पण गेला नसतात तर वाईट वाटलं असतं." मग नरमशेठांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. तुम्ही कोर्टात नाही म्हणाल, असं मी धरून चालले होते. घरून निघतानाच मन घट्ट करून आले होते. ते तेवढं वाया गेलं." त्यांच्या तोंडावर हसू होतं की नाही, यावरून दोन्ही साडू घरी येईपर्यंत वाद घालत राहिले.

आता दोघांना लाँड्रीत काम नाही. नरमशेठ आपलं सार्वजनिक काम करून दुपारी येतात, बागांमधली बाकं रंगवायचं काम असतं, आणि मग धाकटीच्या स्वयंपाकघरात दोघं मिळून रात्रीचा स्वयंपाक करतात. गरमशेठ कांदा चिरतात, नरमशेठ चव बघतात. सुरुवातीचे काही आठवडे बायकांनी काही न बोलता खाल्लं, हा त्यांचा मोठेपणा.

परवा दुपारी फोन वाजला. एका हॉटेलचा मॅनेजर होता. नवा नंबर लागेना म्हणून त्याने जुन्या सवयीने नरमशेठांना लावला होता. सकाळपासून रोलर बंद आहे, आमच्या चादरी आल्या नाहीत, पाहुणे लॉबीत बसलेत. नरमशेठ मऊ आवाजात म्हणाले, "मी आता तिथे नाही हो. संचालकांशी बोला." मॅनेजर आणखी ओरडला. गरमशेठांनी फोन ओढून घेतला. "थांबवलाय ना त्यांनी? मग थांबलाय. घाई असेल तर चादरी स्वतः धुवा." नरमशेठांनी घाईघाईने फोन ठेवून दिला.

"कारभारात हात घालायचा नाही असं कोर्टाने सांगितलंय," ते म्हणाले.

"मी कुठे घातला? मी गिऱ्हाईक तोडलं."

संध्याकाळी दोघी बहिणी आल्या, केस वाफेने चिकटलेले, धाकटीच्या बाहीवर काजळी. ताईंनी चपला काढल्या आणि खुर्चीत बसल्या. मॅनेजरला कुणी झापलं असं त्यांनी विचारलं. नरमशेठ एकदम भांड्यात डोकं घालून चव बघायला लागले. ताईंनी तो विषय तिथेच सोडला. त्या थकल्या होत्या.

"रोलर दुरुस्त झाला दुपारी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चालू करायच्या कागदावर सही करायची होती. पेन टेकवलं आणि हात थांबला. परत खाली गेले, सगळं पुन्हा बघितलं. पोरी उभ्या होत्या, त्यांना विचारलं. मग वर आले. परत थांबला."

"मग?"

"मग पुन्हा खाली गेले."

गरमशेठांनी सुरी खाली ठेवली. कांद्याने डोळे लाल झाले होते ते त्यांनी बाहीने पुसले आणि हात धुतले. ताईंच्या समोरची खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेतले.

"झाली का शेवटी सही?"

"झाली."

"बरं," गरमशेठ म्हणाले, आणि हळूहळू पाय चेपायला लागले.